शकूताईंचं झोपेचं वर्ष

शकूताई, तुम्ही गेल्यानंतर आपल्या घरात पहिलं भांडण झालं ते तुमच्यावरून, आणि काढलं मी. तेराव्याला, भरल्या पंक्तीत, हातात कढीचं भांडं घेऊन. काय झालं ते सांगणार आहे, पण शेवटी. स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीमागे तुम्ही उभा जन्म काढलात. लोक अर्धं वाक्य आत फेकायचे, "मॅडम, वो दिल्लीवाली?" आणि तुम्ही शांतपणे विचारायचात, "कौन सी, कब की, कहाँ जाना है?" घरातही तेच. मी स्वयंपाकघरातून धुसफुसत बाहेर आले की म्हणायचात, "मंजू, शुरू से बोल." तर सुरुवातीपासून बोलते. आज सोळावा दिवस आहे आणि माझं ऐकून घ्यायला वरच्या खोलीत कोणी नाही.

लग्न होऊन मी साताऱ्याहून ग्वाल्हेरला, दौलतगंजातल्या या घरी आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही मला म्हणालात, "चहा बनून राहिला आहे, तू आराम कर." मी माहेरी फोन करून आईला सांगितलं, इथे सगळं आपोआपच होऊन राहतं बघ. तुम्ही ते ऐकलंत आणि वर्षभर मला त्यावरून छळलंत. मी तुम्हाला रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हटलं, तर हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, मी काय नाटकात आहे? शकूताई म्हण." थोरली नणंद, बिनलग्नाची, नोकरीवाली, वर त्याच घरात राहणारी. माझ्या मावशीने मला आधीच धास्ती घातली होती. आणि इथे येऊन बघते तर नणंदबाई स्टेशनजवळच्या पडावहून रिक्षाने येताना माझ्यासाठी मटारच्या कचोऱ्या आणतायत.

ड्यूटीवरून यायला उशीर झाला की तुम्ही दारातच उभ्या राहून नाकातून आवाज काढायचात. "दौलतगंज को आने वाली शकुंतला अपने निर्धारित समय से चालीस मिनट की देरी से चल रही है. असुविधा के लिए खेद है." माझी रेवा लहान होती तेव्हा ती चपला न घालता जिन्यातून धावत खाली यायची. मी म्हणायची, पुरे झालं, हात धुवा. आता वाटतं, एवढी घाई कसली होती मला हात धुवायची.

आणि घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तुमचं झोपेचं वर्ष. तुमचे चुलतभाऊ, इंदूरचे बापूकाका, गणपतीत आले की ती व्हायचीच. शकू सोळा वर्षांची असताना मॅट्रिकची परीक्षा सोडून वर्षभर झोपली. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली. एकदा उशाशी पितळेची थाळी बडवली तरी पठ्ठी हलली नाही. कुंभकर्णाची बहीण! मग सगळे हसायचे, सगळ्यांत जास्त तुम्ही. तुम्ही रिटायर झालात तेव्हा आमच्या भगिनी मंडळाने सत्कार केला, त्या स्टेजवरून ही गोष्ट मीच सांगितली होती, चांगली रंगवून. साठ बायका हसल्या. तुम्ही खालून हात जोडलेत.

आता रेवाचं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा ओळीने बोलायचं आहे.

तिचं अकरावीचं वर्ष. दसऱ्यापासून पोरगी बदलत गेली. सकाळी उठेना. डोकं दुखतं म्हणून आठवड्यातून दोनदा शाळा बुडवायची. ताटात वाढलेलं तसंच. केस विंचरायचे नाहीत. काही विचारलं की अंगावर यायची, "आई, छोड़ो ना यार, मेरा मन नहीं है." सहामाहीत गणितात नापास. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, त्याचा तर मला आनंदच झाला, म्हटलं आता तरी अभ्यास होईल. देवा रे! काय अक्कल पाजळली मी.

माझी कामाची पद्धत तुम्हाला माहीत. मंडळाचं हळदीकुंकू असो की कोजागिरी, मी कागदावर कामं लिहिते आणि एक काम, एक माणूस असं वाटून टाकते. त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. मुलीचंही मी तेच केलं. कागद काढला, फ्रीजवर चिकटवला. सकाळी उठवणं: बाबा. डोकेदुखी: डोळ्यांचे डॉक्टर. जेवण: मी. गणित: नवे सर. केस: माक्याचं तेल, रविवारी. उलट उत्तरं: सगळ्यांनी दुर्लक्ष करावं. आणि प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं हो! तुमच्या भावाने, शरदने, रोज सहाला तिचं पांघरूण ओढलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अर्ध्या नंबरचा चष्मा दिला. सर तासाला हजर. मी थालीपीठं लावून लावून हात भाजून घेतले. सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण झाली आणि मुलगी मात्र उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी वाकत चालली होती.

त्या यादीत तुम्हाला काम नव्हतं. मुद्दामच दिलं नव्हतं. तुम्ही तिला लाडावता, असं माझं मत होतं.

एका सकाळी तुम्ही दूध घ्यायला खाली आलात आणि फ्रीजपुढेच उभ्या राहिलात. चष्मा कपाळावरून खाली घेतलात.

"मंजू, हे काय आहे?"

"कामं वाटलीयत."

"सहा गाड्या लेट आहेत, आणि तू सहा स्टेशनमास्तरांना वेगवेगळे फोन करून राहिली आहेस."

मला राग आला. सकाळी सकाळी डबे भरायचे असताना कोणी कोडी घालायला लागलं की मला राग येतोच. पण तुम्ही किराणा लिहायची पेन्सिल घेतलीत आणि ओट्याला टेकून बोलायला लागलात. कोहरा पडला, दाट धुकं आलं, की खिडकीवर काय होतं माहीत आहे? जो तो आपल्याच गाडीचं भांडतो. माझीच का थांबवली? अरे बाबा, तुझी थांबली कारण पुढची थांबली आहे. पुढची थांबली कारण तिच्याही पुढे कोणीतरी उभी आहे. आणि जी अडकली तिचेच डबे परत फिरून उद्याची गाडी बनणार असतात, म्हणजे उद्याचीही गेली.

बोलता बोलता तुम्ही माझ्या यादीवर बाण काढलेत. झोप लागत नाही, म्हणून डोकं दुखतं. डोकं दुखतं, म्हणून शाळा बुडते. शाळा बुडते, म्हणून गणित कळत नाही आणि मैत्रिणींचे विषय पुढे गेलेले असतात. म्हणून ती त्यांना टाळते. टाळते, म्हणून त्याही बोलवत नाहीत. मग कोणी काही विचारलं की चिडते, चिडल्याची लाज वाटते, लाजेने घास उतरत नाही. मग तुम्ही खाली एक नवी ओळ लिहिलीत, माझ्या यादीत नसलेली: 'मी कोणाच्याच कामाची नाही.' तिथून एक लांब बाण काढून परत 'झोप'वर नेलात.

"हे खालचं तुम्हाला रेवा म्हणाली?"

"नाही."

"मग?"

"असतं ते," एवढंच म्हणालात आणि दुधाची पिशवी कापलीत.

मी म्हटलं, बरं, मग यातली पहिली गाडी कुठली? मोबाइल! सगळं त्या मोबाइलपासून सुरू झालंय. तुम्ही म्हणालात, गोल फिरणाऱ्या लाइनवर पहिलं स्टेशन कुठलं ते तू मला सांग. मी म्हटलं, काहीतरी पहिलं असतंच. तुम्ही म्हणालात, असेल, पण ते सापडेपर्यंत सगळ्यांना उभं ठेवणार का? जिथून एक गाडी सुटू शकते तिथून सोड. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. महिन्यापूर्वीसुद्धा मटार सोलताना मी तो उकरून काढला होता. मी अजूनही मोबाइलच म्हणते, सांगून ठेवते.

तुम्ही गाडी सोडलीत ती गच्चीवरून, थंडीच्या सुट्टीत. तिला म्हणालात, माझे गुडघे दुखतात, दहा वाजता माझी खुर्ची उन्हात नेऊन देत जा. बस्स. अभ्यास नाही, उपदेश नाही. ती खुर्ची न्यायची आणि परत खाली यायचा कंटाळा म्हणून तिथेच बसायची. तुम्ही तीळ-गुळाची गजक फोडून मध्ये ठेवायचात, खा म्हणायचा नाहीत. मी जिन्यात उभी राहून कान द्यायची, पण ऐकू काय येणार? गजक फोडल्याचा आवाज तेवढा यायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी ऐकू आलं. तुम्ही तिला विचारत होतात, अगदी गाडीचा नंबर विचारावा तसं, "रेवा, मरून जावं असं वाटतं का गं कधी?"

मी दोन पायऱ्या वर चढले. आणि मग माझी लेक म्हणाली, "कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं."

मी वर आले, तिला खाली पिटाळलं आणि तुमच्यावर तुटून पडले. असलं अभद्र तोंडातून काढलंतच कसं? नसलेलं तिच्या डोक्यात घालताय? तुम्ही म्हणालात, "विचारल्याने येत नाही, मंजू. न विचारल्याने ती त्याच्याबरोबर एकटी राहते." आणि मी म्हटलं, शकूताई, मी म्हटलं, "तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार आहे?"

हे वाक्य मी गेले सोळा दिवस रोज ऐकते आहे, माझ्याच आवाजात. तुम्ही रागावला नाहीत. गजकाचे तुकडे कागदात बांधलेत आणि म्हणालात, "मूल नाही. पण मी सोळा वर्षांची होते की."

मी त्यावर काही विचारलं नाही. मला वाटलं, तुम्ही शब्दाला शब्द दिलात.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही आम्हा दोघींना रिक्षात घालून इंदरगंजच्या पलीकडच्या मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलात. मी डोक्यावरून पदर घेतला होता, मंडळातलं कोणी बघेल म्हणून. तुम्ही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मुद्दाम मोठ्याने सांगितलात. डॉक्टरीणबाई रेवाशी एकट्यात बोलल्या, मग आमच्याशी बोलल्या. तुम्ही पर्समधून फ्रीजवरचा कागद काढून पुढे ठेवलात. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, हा आजार असा एकातून एक घट्ट होत जातो, म्हणून सुटतानाही कुठलं तरी एक टोक ढिलं झालं की बाकीच्यांना वाट मिळते. उपचार सुरू झाले. मला म्हणाल्या, सहाला पांघरूण ओढणं बंद करा. शरद तिथे नव्हता, म्हणून मीच मान खाली घातली.

वेळ लागला. मला वाटलं होतं औषध घेतलं की आठवड्यात ठीक. तुम्ही मला सारखं सांगायचात, अजून कोहरा आहे, धीर धर. रोज पाच वाजता तुम्ही तिला स्टेशनवर न्यायला लागलात, बाकावर बसून चहा प्यायला आणि गाड्या बघायला. होळीच्या सुमारास एका संध्याकाळी ती परत आली आणि म्हणाली, "आई, भूक लगी है, काय आहे?" मी पोळी करता करता रडले आणि पोळी जळली. मग झोप आली. मग डोकेदुखी केव्हा गेली ते कळलंच नाही. गणित सगळ्यात शेवटी आलं, तेही रडतखडत. मधे एकदा सगळं पुन्हा अडकलं, तेव्हा तिने आपणहून सांगितलं, "आत्या, परत लेट होतंय." तुम्ही म्हणालात, "बरं झालं बोललीस, आता डॉक्टरांना सांगू."

या सगळ्यात माझी माफी मागायची राहिली. एका संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन वर आले होते, मनात वाक्य तयार करून. म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. तुम्ही म्हणालात, "आधी तू." दोघी हसलो, आणि वाक्य राहिलं. तुम्ही कुठे जाणार होतात? वरच्या खोलीतच तर होतात.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी मी तुमच्या पलंगावर नुसती पडून होते. रेवा येऊन शेजारी बसली. कॉलेजात जाते आता, तुम्हीच तर तिला पहिल्या दिवशी सोडायला गेला होतात. म्हणाली, "आई, तुला आत्याचं झोपेचं वर्ष माहीत आहे ना?"

"माहीत आहे. बापूकाकांची थाळी."

"वो सोती नहीं थी, आई. डोळे मिटून पडून राहायची. उघडले की कोणीतरी बोलायचं ना. थाळी वाजवली तेव्हा ती जागीच होती. ठोके मोजत होती."

स्टेशनच्या बाकावर तुम्ही तिला सांगितलं होतंत. सोळाव्या वर्षी भूक गेली, अक्षरं दिसेनाशी झाली, आपण ओझं आहोत असं वाटायला लागलं आणि घरातल्या प्रत्येकाने एकेक इलाज करून पाहिला. तेल, अंगारा, थाळी. मग शेजारच्या एक बाई मुलाच्या गाडीची वाट बघायला रोज स्टेशनवर जायच्या, त्यांनी तुम्हाला सोबत म्हणून न्यायला सुरुवात केली. त्या बाईंनी काही विचारलं नाही, फक्त बाकावर जागा केली. म्हणून तुम्हाला जन्मभर स्टेशन आवडलं.

मी रेवाला विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी कधी?"

"तूने पूछा ही नहीं," ती म्हणाली. टोमणा म्हणून नाही, आपलं जे होतं ते.

शकूताई, मी त्या स्टेजवरची मी आठवत राहिले. माईक हातात, नवी पैठणी, आणि खाली तुम्ही हात जोडून. हसणं थांबवायला हात जोडले होतेत का हो? मला वाटलं, नमस्कार.

आता तेरावा. पंक्ती बसल्या, गोडाचं जेवण, सगळे तुमच्या आठवणी काढत होते. मी कढी वाढत होते. बापूकाका शहात्तर वर्षांचे, डोळे पुसत पुसत हसले आणि म्हणाले, "पण काही म्हणा, आमची शकू झोपायला पक्की. मॅट्रिकच्या वर्षी..." गोष्ट सुरू व्हायच्या आतच सगळ्यांच्या ओठांवर हसू आलं. शरदच्याही. पाठ आहे ना सगळ्यांना.

"बापूकाका, ती गोष्ट नको," मी म्हटलं.

"अगं, प्रेमानेच सांगून राहिलो आहे."

"मीही प्रेमानेच सांगितली होती, साठ बायकांसमोर. त्या झोपल्या नव्हत्या. त्या आजारी होत्या. वर्षभर आजारी होत्या आणि आपण सगळे पन्नास वर्षं हसलो!" माझा आवाज चढला होता. शरद म्हणाला, मंजू, पंक्तीत नको. मी म्हटलं, पंक्तीतच हसलो ना? मग पंक्तीतच बोलणार.

 बापूकाकांचा हात ताटात तसाच राहिला. मग अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "थाळी मीच वाजवली होती. मला वाटलं, उठेल." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मला त्यांचा राग उरला नाही. मीही तर चष्मा, तेल आणि थालीपीठंच वाजवत होते.

मी पुढच्या पानावर कढी वाढायला वाकले. रेवा उठून आली, भांडं काढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, कढी मी वाढते. तू बस. दोन दिवस नीट जेवली नाहीस, तीन दिवस झोपली नाहीस, म्हणून चिडून राहिली आहेस. उद्या दहा वाजता माझ्याबरोबर गच्चीवर चल. माझे गुडघे दुखतात."

अठरा वर्षांच्या पोरीचे गुडघे. मी पानावर बसले आणि भात कालवला. आज सकाळी तिसऱ्यांदा आम्ही दोघींनी तुमची खुर्ची उन्हात नेली.

तर सुरुवातीपासून बोलले, शकूताई. आता शेवट. दौलतगंजहून तुमच्याकडे निघालेली मंजूची माफी आपल्या निर्धारित वेळेपेक्षा दोन वर्षं उशिरा धावून राहिली आहे. असुविधा के लिए खेद है.